गन नंतर, आधी हुक : कोकणातल्या पावडर कोटिंग शॉपमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

पावडर कोटिंग म्हणजे धातूच्या वस्तूवर रंगाची कोरडी पावडर गनने फवारायची आणि भट्टीत भाजून पक्की करायची. आमच्याकडे नवा मुलगा कामाला आला की पहिला आठवडाभर त्याच्या हातात गन पडत नाही. पडते एक कानस, एक वायरब्रश आणि माल टांगायच्या हुकांनी भरलेली बादली. आयटीआय पास होऊन, घरी ‘मशीनवर काम आहे’ असं सांगून आलेल्या पोराचं तोंड त्या बादलीकडे बघून उतरतं. उतरू दे. या धंद्यातली निम्मी विद्या त्या बादलीत आहे, आणि जीव वाचवणारी विद्या तर जवळजवळ सगळीच.

मी रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत बरीच वर्षं हे काम करतोय. आमच्या शेडमधून समुद्र दिसत नाही, पण त्याचा खारा वारा रोज हजेरी लावून जातो. ग्रिल, गेट, अॅल्युमिनियमचे सेक्शन, आंबा कॅनिंगच्या ट्रॉल्या असा आमचा माल. गणपतीच्या आधी महिनाभर तर विचारू नका. चाकरमानी यायच्या आत गेट नवं करकरीत हवं असतं, रात्रपाळ्या लागतात आणि चुकाही त्याच दिवसांत होतात. म्हणून हे सगळं एकदा सलग लिहून काढलं.

रंग चिकटतो कसा

गनच्या तोंडाशी एक बारीक सुई असते. तिच्यावर 60 ते 100 किलोव्होल्टचा दाब येतो. सुईभोवतीची हवा त्या दाबाने फुटते, हवेतले आयन पावडरच्या कणांना चिकटतात आणि प्रत्येक कण ऋणभारित होऊन बाहेर पडतो. समोर टांगलेला जॉब (रंगवायची वस्तू) जमिनीला जोडलेला, म्हणजे अर्थ केलेला असतो. भारित कण त्याच्याकडे ओढला जातो, अगदी पाइपच्या मागच्या बाजूलाही वळसा घालून जातो. भट्टीत जाईपर्यंत पावडर त्या भाराच्याच जोरावर जॉबला धरून राहते. गोंद नाही, पाणी नाही, थिनर नाही. बोट फिरवलंत तर पुसली जाईल.

ही युक्ती एका माणसाची नाही. 1940 च्या सुमाराला अमेरिकेत इंडियानापोलिसच्या हॅरॉल्ड रॅन्सबर्ग यांनी ओल्या रंगासाठी स्थिर विद्युत वापरली. साध्या फवाऱ्यात अर्ध्याहून जास्त रंग हवेत उडून वाया जायचा, तो जॉबकडे ओढून घ्यायचा हा त्यांचा हेतू. पुढे 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत एर्विन गेमर यांनी कोरडी पावडर आणली, पण त्यात वीज नव्हती. खालून हवा सोडून पाण्यासारख्या उकळत्या केलेल्या पावडरीत तापवलेला जॉब बुडवायचा, झालं. थर जाड बसायचा. या दोन कल्पना 1960 च्या दशकात एकत्र आल्या आणि आज आपण धरतो तशी पावडरची गन युरोपात बाजारात आली.

मला स्वतःला यातला एक तुकडा फार आवडतो. सुरुवातीच्या गनना उच्च दाब बाहेरच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरवरून जाडजूड केबलने यायचा. ती केबल स्वतःच वीज साठवून ठेवायची, आणि ठिणगी पडली तर ती साठवण एका दमात मोकळी व्हायची. आता गनला येणारी केबल जेमतेम काही व्होल्टची असते. दाब वाढतो तो गनच्या पोटात, डायोड आणि कपॅसिटरच्या माळेत. तीच जोडणी कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी 1932 मध्ये केंब्रिजला अणू फोडताना वापरली होती. गेटला रंग मारायला आपण अणू फोडायचं यंत्र मुठीत धरतो, असं पोरांना सांगितलं की जरा ऐकतात तरी. माळेच्या पुढे मोठा रोध बसवलेला असतो, त्यामुळे प्रवाह 100 मायक्रोअँपिअरच्या आसपासच अडतो. गनच्या सुईजवळ बोट गेलं तर झणझणतं, दचकायला होतं, पण सुस्थितीतल्या गनने माणूस मरत नाही.

मग भीती कशाची? गनची नाही. अर्थ न झालेल्या वस्तूची.

पायरी पहिली : हुक

हुकावर टांगलेला जॉब रंगतो तसा हुकही रंगतो. भट्टीतून बाहेर आला की हुकावर 70 मायक्रॉनचा थर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दुसऱ्या फेरीला आणखी एक. पाच-सहा फेऱ्यांनी हुक म्हणजे प्लॅस्टिकची काठी होते. आता त्यावर टांगलेलं ग्रिल हवेत तरंगतंय असं समजा. गनमधून येणारा भार त्याच्यावर साठत जातो, कारण उतरायला वाटच नाही. हजारो व्होल्ट चढले की तो जवळच्या कुठल्यातरी अर्थ झालेल्या लोखंडावर उडी मारतो.

हे मी पाहिलंय. माझ्या उमेदवारीच्या काळात, दुसऱ्याच्या कारखान्यात. गन मारणारा राजापूरकडचा पोरगा सकाळपासून म्हणत होता, ‘‘दादा, कलर बसत नाय, नुसता खाली पडतो.’’ सुपरवायझरने सांगितलं, पावडर वाढव. त्याने वाढवली. दुपारी ‘टच्च’ असा आवाज आला, बूथमध्ये, म्हणजे रंग फवारायच्या खोक्यात, नारिंगी झोत उठला आणि विझलाही. हवा ओढणारा ब्लोअर चालू होता म्हणून निभावलं. त्या पोराच्या भुवया आणि हातावरचे केस गेले. नंतर ते ग्रिल उतरवलं, तेव्हा हुकाच्या टोकाला अंगठ्याएवढी रंगाची गाठ होती. निळा, पांढरा, तपकिरी असे थर कांद्यासारखे मोजता येत होते.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. रंग न बसणं आणि आग लागणं यांचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. अर्थिंग सुटलं की पावडरला जॉबकडे जायचं कारण उरत नाही, म्हणून ती खाली पडते. आणि त्याच वेळी जॉब भार साठवत असतो. म्हणजे ‘कलर बसत नाय’ ही नुसती कामाची तक्रार नाही, धोक्याची पहिली घंटा आहे. असं झालं की पावडर वाढवायची नाही. गन बंद करायची आणि हुक बघायचे.

हुकाचं टोक आणि जॉब जिथे टेकतो ती जागा उघड्या धातूची दिसली पाहिजे. कानशीने, वायरब्रशने किंवा जाळून. जाळायचे असतील तर शेडबाहेर, वाऱ्याची दिशा बघून, कारण तो धूर छातीला वाईट. हुकाला जॉब टेकतो तिथे धार ठेवली तर तो पुढच्या फेरीला जुना थर स्वतःच कापतो. आमचे हुक म्हणूनच V आकाराचे आहेत.

पायरी दुसरी : जमिनीपर्यंतचा रस्ता

जॉब, हुक, हँगर, वरचा रॉड, तिथून पट्टी, पट्टीवरून अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगसाठी जमिनीत केलेला खड्डा. ही साखळी कुठेही तुटली तरी वरचं सगळं फुकट. तपासायला साधा मल्टिमीटर पुरत नाही. त्याची बॅटरी इतकी कमजोर की पातळ गंजातून किंवा रंगाच्या थरातून काय होतं हे तिला कळत नाही. 500 किंवा 1000 व्होल्टचा मेगर (जास्त दाबाने रोध मोजणारं मीटर) घ्या, गन बंद, पावडर नाही, बूथ साफ, आणि जॉबपासून अर्थपर्यंत मोजा. एक मेगाओहमच्या आत आलं पाहिजे.

एक मेगाओहम म्हणजे दहा लाख ओहम, एवढा रोध चालतो कसा, असं प्रत्येक इलेक्ट्रिशियन विचारतो. हिशेब करा. गनचा प्रवाह फार तर 100 मायक्रोअँपिअर. तो एक मेगाओहममधून गेला तर जॉबवर 100 व्होल्ट उभे राहतात. ठिणगीच्या दृष्टीने काहीच नाही. पण रंगाच्या गाठीने तोच रोध हजार मेगाओहमवर नेला, तर दाब दहा-वीस किलोव्होल्टच्या पुढे चढत जातो. मात्र मशीनची बॉडी, मोटर, पॅनल यांचं अर्थिंग वेगळ्या कामासाठी असतं. शॉर्ट झालं तर फ्यूज उडावा म्हणून. तिथे काही ओहमचीच भाषा. दोन्ही गोष्टींची गल्लत करू नका.

आता कोकणची अडचण. आमची एमआयडीसी जांभ्याच्या सड्यावर आहे. पावसाळ्यात हा दगड पाणी पितो आणि अर्थ पिट झकास चालतो. मे महिन्यात विहिरी तळ गाठतात तेव्हा पिटही कोरडा पडतो आणि रीडिंग कुठच्या कुठे जातं. कोळसा-मीठ भरलेला पिट असला तरी फेब्रुवारीपासून आठवड्याला दोन-चार बादल्या पाणी ओतायचं, हे आमच्या फळ्यावर लिहिलेलं आहे. आणि खारा वारा काय करतो? जमिनीखालचं काही बिघडवत नाही, वरचे नट-बोल्ट खातो. पट्टी जिथे रॉडला बोल्टने जोडली आहे तिथे हिरवट-पांढरी भुकटी दिसली की समजा, जोड गेला. दर महिन्याला उघडा, घासा, घट्ट करा, वर ग्रीस लावा. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी.

बूथमधली बाकीची धातूची वस्तूही अर्थला जोडलेली हवी. हॉपर (गनला पावडर पुरवणारं भांडं), पावडरचा ड्रम, ट्रॉली, स्टूल. रबराच्या चाकांवरची लोखंडी ट्रॉली सगळ्यात लबाड. तिला कोणी हात लावेपर्यंत ती गप्प असते.

पायरी तिसरी : टाक्या

हे थोडक्यात उरकतो, कारण टाकीचा माणूस वेगळा असतो आणि त्याचं शिक्षण वेगळं. तेल काढणे, धुणे, गंज काढणे, धुणे, फॉस्फेटिंग (रंग धरून ठेवणारा थर चढवणे), धुणे, शेवटी पॅसिव्हेशन (तो थर पक्का करणे). ‘सात टाकी’ म्हणतात ती हीच. अॅसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडमध्ये कधीच नाही. चष्मा, लांब हातमोजे, गमबूट, आणि हाताशी धुवायला वाहतं पाणी. अॅल्युमिनियमसाठी पिवळं क्रोमेटिंग अजून काही ठिकाणी चालतं. त्यातलं षट्संयोजी क्रोमियम कॅन्सर करतं, तेव्हा क्रोमियम नसलेली प्रक्रिया मागा. टाकीचं पाणी ओढ्यात सोडणं तर सोडूनच द्या. खाली कोणाची तरी विहीर आहे.

पावसाळ्यात फॉस्फेट करून ठेवलेला जॉब लगेच वाळवून रंगवा. ‘उद्या सकाळी मारू’ म्हणालात तर सकाळी त्यावर तांबूस झाक असते. आणि टाकीतून निघालेल्या जॉबला उघड्या हाताने धरू नका, घामातलं मीठ तिथेच राहतं.

पायरी चौथी : स्वतःकडे बघा

माणूससुद्धा भार साठवतो. कोरड्या दिवशी, रबरी तळव्याच्या बुटांवर, गनशेजारी उभा राहिलेला माणूस 10 किलोव्होल्टपर्यंत सहज चढू शकतो. त्याच्या अंगातून सुटणाऱ्या ठिणगीत सात-आठ मिलिज्यूल ऊर्जा असते. पावडरचा ढग पेटायला साधारण काही मिलिज्यूलपासून काही दहा मिलिज्यूलपर्यंत ऊर्जा पुरते. थिनरच्या वाफेला तर एक मिलिज्यूलही जास्त होते. म्हणून बूथमध्ये थिनरचा डबा, चिंधीसुद्धा नको.

बूट अँटिस्टॅटिक, म्हणजे अंगातला भार जमिनीत उतरू देणारे, हवेत. साधे सेफ्टी शूज आणि अँटिस्टॅटिक शूज दिसायला सारखेच असतात, आतला शिक्का बघून घ्या. बूट कितीही चांगले असले तरी खाली पावडरची गादी साचली असेल किंवा कोणी प्रेमाने रबरी मॅट टाकली असेल, तर ते निकामी. गनच्या मुठीला अर्थ असतो, तळहात त्या मुठीला उघडा टेकला पाहिजे. म्हणजे हातमोजा घालायचा तर अँटिस्टॅटिक, नाहीतर तळव्याकडून कापलेला. अंगठी, कडं, घड्याळ, खिशातल्या किल्ल्या, मोबाइल हे सगळं बाहेर डब्यात. आमच्याकडे त्यासाठी जुना बिस्किटांचा डबा आहे. ज्याला पेसमेकर बसवलाय त्याने गनजवळ उभं राहायचं नाही, यात तडजोड नाही.

नाकाला रुमाल बांधून भागत नाही. कण सरासरी 30 ते 40 मायक्रॉनचे, पण त्यांच्यात दहाच्या खालचेही असतात आणि ते आत जातात. धुळीचा योग्य रेस्पिरेटर घ्या. बाहेरच्या कामासाठी वापरतात त्या पॉलिएस्टर पावडरींत टीजीआयसी नावाचं हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) असू शकतं, ते पेशींतल्या जनुकांना इजा करणारं समजलं जातं. युरोपात त्याऐवजी प्रिमिड नावाचं दुसरं हार्डनर आलं. पोत्याबरोबर येणारी सुरक्षा माहितीपत्रिका वाचा. मालकाकडे मागितली तर त्याला राग येतो, तरी मागा.

पायरी पाचवी : बूथ आणि ढग

पावडर पोत्यात असते तोवर ती गरीब आहे. हवेत ढग झाला की ती बारूद. ढग पेटायला तो ठराविक दाट असावा लागतो, म्हणून ब्लोअरचं खरं काम ढग पातळ ठेवणं हे आहे. नाकात जाऊ नये ही दुसरी गोष्ट. बूथमधून जाणाऱ्या हवेत घनमीटरला 10 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर राहू नये, असा पावडरची नेमकी मर्यादा माहीत नसताना धरायचा आकडा आहे. बूथच्या तोंडाशी हवा आत ओढली जाण्याचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास हवा. मीटर नसेल तर टिश्यूचा तुकडा उघड्या तोंडाशी धरा, तो आतल्या बाजूला झुकला पाहिजे. ही चाचणी ढोबळ आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरी.

गन ब्लोअरला इंटरलॉक असली पाहिजे. ब्लोअर बंद तर गनचा दाब आणि पावडर दोन्ही बंद. काही शॉपमध्ये हा इंटरलॉक तारेचा तुकडा लावून निकामी केलेला असतो, कारण लाईट येते-जाते आणि मग गन परत परत सुरू करायला कंटाळा येतो. पहिल्या दिवशी पॅनलमध्ये तशी तार दिसली तर विचारा. उत्तर ‘चालतं’ असं आलं तर दुसरी नोकरी शोधायला हरकत नाही.

साफसफाई कॉम्प्रेसरच्या हवेने करायची नाही. झटपट होते खरी, पण तुम्ही खाली बसलेल्या पावडरीचा स्वतःच्या हाताने ढग करता. तुळया, ट्यूबलाईटची पट्टी, भट्टीचं डोकं इथे साचलेली पावडर विशेष वाईट. बूथमधला छोटा भडका ती खाली पाडतो आणि दुसरा भडका पूर्ण शेडभर होतो. ब्रश, ओला पोछा, किंवा धुळीसाठी बनवलेला अर्थ केलेला व्हॅक्यूम. स्फोटक धुळीसाठी 1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 37 स्वतंत्र लिहावं लागलं, ते उगीच नाही.

तरीही पेटलंच तर गन, पावडर आणि ब्लोअर सगळं एका बटणाने बंद. ते लाल बटण दारापाशी असावं, बूथच्या आत नाही. पडलेल्या पावडरीवर अग्निशामकाचा जोराचा झोत मारू नका, ढग उठेल. दुरून, हलक्या हाताने.

पायरी सहावी : आता गन

एवढं झालं की गन घ्या. जॉबपासून 20 ते 25 सेंटिमीटर. सपाट पत्र्याला 60-80 किलोव्होल्ट. ग्रिलच्या आतल्या कोपऱ्यात मात्र पावडर जाणार नाही. भार कडांवर गोळा होतो आणि पोकळीच्या आत क्षेत्र पोहोचत नाही, हे मायकेल फॅरडे यांनी 1836 मध्येच पिंजरा करून दाखवलं होतं. आपल्या प्रत्येक गेटमध्ये असा एक पिंजरा असतोच. म्हणून कोपरे आधी मारा, दाब कमी करून, हवा कमी करून, आणि सपाट भाग नंतर. नवीन मुलं उलटं करतात. कोपरा रिकामा दिसला की दाब वाढवतात, मग कोपरा रिकामाच राहतो आणि कडा फुगतात.

थर फार जाड झाला तर पावडर स्वतःच्याच भाराने उसळते आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे, चांदण्या पडतात. दुसरा कोट देताना दाब आणि प्रवाह दोन्ही उतरवा. घर्षणावर चालणाऱ्या ट्रायबो गनही मिळतात. त्यांत उच्च दाब नसतो, टेफ्लॉनच्या नळीला घासून पावडर भारित होते, आणि कोपऱ्यात छान जाते. पण पावडर त्यासाठी बनवलेली हवी, आणि आमच्या दमट हवेत ती रुसते.

जून ते सप्टेंबर पावडर ओलावा धरते, गोळे होतात, गन थुंकायला लागते. पेटी 25-30 अंशांच्या वर तापू देऊ नका, तोंड उघडं ठेवू नका, हॉपरमध्ये ओतण्याआधी चाळा. कॉम्प्रेसरचं पाणी रोज सकाळी काढा, पावसात दर दोन तासांनी.

पायरी सातवी : भट्टी, आणि मग समुद्र

बहुतेक पावडरींना जॉबचा धातू 180 ते 200 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं लागतो. धातू, भट्टीची हवा नव्हे. जाड गेटला तेवढं तापायला वेळ लागतो, तो आधी मोजा. एलपीजीची भट्टी असेल तर पेटवण्याआधी ब्लोअरने आतली हवा कमीत कमी चार वेळा बदलली पाहिजे. एलपीजी हवेपेक्षा जड, खड्ड्यात बसतो. लाईट जाऊन आल्यावर ‘पटकन’ काडी लावणारे हात मी पाहिलेत, सुदैवाने दुसऱ्या कोणाचे नव्हेत, माझेच. एकदाच लावली.

बाहेर आलेल्या जॉबवर जाडी मोजा, 60 ते 80 मायक्रॉन. आपल्या किनाऱ्यावर गेट गंजतं ते मधून नाही, कडेवरून. धारदार कडेवरचा थर भट्टीत वितळताना पातळ होतो. टाकीत जायच्या आधी प्रत्येक कड ग्राइंडरने साधारण दोन मिलिमीटर गोल करा. भगवती बंदराच्या बाजूचं, वाऱ्याच्या तोंडाचं काम असेल तर खाली झिंकवाला प्रायमर द्या आणि ग्राहकाला तसा भाव सांगा. इपॉक्सी पावडर बाहेर लावू नका, उन्हाने तिची पिठी होते. पॉलिएस्टरच.

संध्याकाळी बूथ बंद करताना हॉपरवर झाकण, ब्लोअर शेवटी, आणि मेगरच्या वहीत तारीख, रीडिंग, सही. आमच्या वहीत पहिल्या पानावर एक वापरलेला हुक टेपने चिकटवलेला आहे, निळा-पांढरा-तपकिरी. नवा मुलगा वही उघडतो तेव्हा आधी तो हाताला लागतो.